दुधाबरोबर घेतलेली गोळी

ताई म्हणेल ती पूर्व दिशा. धाकटीनं अठ्ठावन्न वर्षं हा एकच नियम मोडला नव्हता. ताई इस्पितळात नर्स होती, धाकटी शिवणकाम करणारी. पण हाडं दोघींची आईवर गेलेली, ठिसूळ. औषधही दोघींना एकच: ‘ड’ जीवनसत्त्व घातलेली हाडांची गोळी आठवड्यातून एकदा आणि कॅल्शियमची रोज.

“दोन्ही हाडांच्याच. रविवारी एकदमच घे दुधाबरोबर आणि पड जरा,” ताईनं वर्षापूर्वी सांगितलं होतं. धाकटीनं तसंच केलं. छातीत जळजळायचं, त्याचं खापर ती जागरणावर फोडायची.

गेल्या आठवड्यात कापडाचा तागा उचलताना पाठीत कळ आली. मणका चेपला होता. ताईच्याच इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी नवी तपासणी जुनीशेजारी ठेवली.

“हाडं आणखी विरळ झालीत. गोळी नेमानं घेता ना?”

“एक रविवार चुकला नाही हो.”

“मग हे औषध लागू पडत नाहीये. सोमवारी या, इंजेक्शन सुरू करू.”

पाठीला पट्टा लागला, म्हणून धाकटी चार दिवस ताईकडे राहायला आली. रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात डोकावली, तर ताई ओट्यापाशी ताठ उभी. हातात पेलाभर साधं पाणी, तळव्यावर एकच गोळी. ती गिळून ताईनं घड्याळाकडे पाहिलं.

“दूध तापवू का तुला?” धाकटीनं विचारलं.

“छे, अर्धा तास काही नाही. आडवंही व्हायचं नाही, अन्ननलिका भाजते. कॅल्शियम थेट जेवणानंतर, नाहीतर गोळी अंगी लागत नाही...” ताई सवयीनं बोलून गेली आणि मग वळली.

धाकटी दाराला धरून उभी होती.

“आणि मला?”

“अगं, तुझ्या घरचं मला ठाऊक नाही का? उठल्याबरोबर पाच जणांचा चहा. नियम सांगितले असते तर दुसऱ्या आठवड्यात गोळी कचऱ्यात गेली असती. म्हटलं, निदान पोटात तरी जाईल.”

“पोटातच गेली. हाडापर्यंत पोचलीच नाही.”

“तुझ्या भल्यासाठीच गं...”

“दहा-दहा तास उभी राहून कापड कापते मी, ताई. अर्धा तास उभं राहणं मला झेपलं नसतं?”

ताईनं ओटा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

“उद्या डॉक्टरांना सांग, विसरायचे म्हणून. माझं नाव नको घेऊस. तिथं अजून मला मान आहे.”

धाकटी हसली. हसताना पाठ दुखली.

“म्हणजे वर्षभर वेडी मी ठरले, आता खोटारडीही मीच? औषध वाया गेलं ते कशानं, हे त्यांना कळायलाच हवं. नाहीतर गुण नाही म्हणून तेच बदलतील.”

“बरं, मी येते बरोबर. मीच नीट समजावते त्यांना.”

“नको. तू आलीस की सगळे तुझ्याशीच बोलतात.”

पट्टा सैल झाला होता, आणि तिला मागे हात नेता येईना. ती पाठमोरी झाली.

“हा तेवढा आवळ,” धाकटी म्हणाली. “मग मी घरी जाते.”