नळीला गेलेली चीर

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, एका पायाखाली लाकडाची चकती घेऊन उभा असलेला मी एक जुना गॅसचा ओव्हन आहे. कारखान्यात ज्या कारागिराने माझ्या दाराला काच बसवली, त्याने दार पुन्हा पुन्हा उघडून पाहिले आणि "जा बाबा, सुखानं राहा" म्हणत मला पुढे ढकलले.

या घरात आलो तेव्हा आजचे आजोबा तरुण होते, बस चालवत होते. सुट्टीच्या दिवशी ते माझ्यात ओट्सच्या कुकीज भाजत. लोणी, तपकिरी साखर, मनुका, वर चिमूटभर दालचिनी. कडा सोनेरी झाल्या आणि मधला भाग किंचित कच्चा वाटला, की ट्रे बाहेर! "कडक झाली तर ते बिस्कीट," ते म्हणत. वासाने शेजारी जिन्यात घुटमळत. तेव्हा माझी छाती फुगून येई.

पुढे विजेचा छोटा ओव्हन आला आणि माझ्या पोटात तवे, झाकणे कोंबली गेली. माझ्याकडे येणारा गॅसचा कॉक बंदच राहिला. मागच्या रबरी नळीकडे कुणाचे लक्ष गेले नाही. ती वाळली, तिला चीर गेली.

त्यातच एका आजारपणात आजोबांचे नाक गेले. म्हणजे नाक जागेवर होते. वास तेवढा येईना. दूध करपले तेव्हा सून म्हणाली, "बाबा, तुम्ही आता गॅसपाशी जाऊ नका." ती काळजीने बोलली, पण आजोबांना ते झोंबले. काही दिवसांनी त्यांनी ठोकून दिले, "मला येतो आता वास!"

नात वसतिगृहातून सुट्टीला येणार होती. मुलगा आणि सून कामावर गेल्याबरोबर आजोबांनी माझे पोट रिकामे केले, मला पुसले, कॉक उघडला आणि ते लोणी-साखर फेटायला बसले.

माझ्या पाठीमागे फुस्स असा बारीक आवाज सुरू झाला. गॅस जमिनीलगत पसरू लागला. आजोबा गुणगुणत होते. खिडकी बंद होती. मला ओरडायचे होते, पण लोखंडाला कुठला आवाज! त्यांनी गोळे थापून ट्रे भरला, माझे दार उघडले आणि लायटर उचलला. तो हातातून निसटून ओट्याखाली पडला. ते वाकून शोधू लागले.

तेवढ्यात बाहेर पावले वाजली. सून चष्मा विसरली होती. बेलकडे गेलेले बोट तिने मागे घेतले. दाराच्या फटीतून गॅसचा वास आला होता; बेलची एक ठिणगीही पुरली असती. तिने हळूच किल्ली फिरवली. तोवर आजोबांना लायटर सापडला होता.

"बाबा, लायटर खाली ठेवा! कशालाच हात लावू नका. दिवासुद्धा नको!"

आजोबा जागच्या जागी थिजले. सुनेने नाकाला पदर लावून कॉक बंद केला, सिलिंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि त्यांना दंडाला धरून जिन्यात आणले. तिथे ती पायरीवर बसली.

"ओरड की," आजोबा म्हणाले.

"जीव घशात आलाय, ओरडू कशी?"

ते तिच्याशेजारी टेकले. मग आजोबा खालच्या आवाजात म्हणाले, "मला वास येत नाही गं. खोटं बोललो मी."

सुनेने त्यांचा हात घट्ट धरला. "मीही जरा गोडीनं सांगायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी गॅस दुरुस्तीवाल्याने नवी नळी बसवली, साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिले. फ्रिजमध्ये ठेवलेला ट्रे मग माझ्यात आला. आजोबा कडा बघत होते, सून वास घेत होती.

"काढू?" त्यांनी विचारले.

"थांबा... हं, आता!"

संध्याकाळी नातीने कुकी मोडायला घेतली. ती तुटली नाही, नुसती वाकली. नात खुदकन हसली.

मित्रांनो, आमच्या नळ्या, तारा, खिळे अधूनमधून बघत जा. आम्हाला दुखले तरी सांगता येत नाही. तुम्हाला मात्र येते. दिसत नसेल, ऐकू येत नसेल, वास येत नसेल, तर घरच्यांना सांगा. आणि कुणी सांगायला आले, तर आधी त्याला जवळ बसवून घ्या.