डबीवरची चिठ्ठी

लॉन्ड्रीवाल्या काकांच्या हृदयात जाळी बसली, पण त्यांचा जीव अडकला होता अंड्यात. रोज सकाळी दोन अंड्यांचं ऑम्लेट. तेच सुटलं तर जगायचं कशासाठी, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

त्यात डॉक्टरीणबाईंनी नवंच खूळ काढलं. म्हणे, पोटातले काही जंतू अंड्यापासून शरीराला असं काहीतरी बनवायला लावतात की ते हृदयाच्या धमन्यांना बाधू शकतं. "एकाच घरचं जेवण, पण धमनी तुंबली ती काकांची. काकू ठणठणीत. दोघांचाही नमुना हवाय मला."

"एक नमुना तर तुमच्यासमोरच बसलाय," काकू म्हणाल्या.

नमुना कसला आणि डबीत काय भरायचं हे कळल्यावर काकू लाजल्या. काका मात्र विचारात पडले. आपले जंतू गुन्हेगार निघाले की ऑम्लेट गेलंच. चाळीस वर्षं ते कपड्यांना चिठ्ठ्या टाचत आले होते, पण एकाची पॅन्ट दुसऱ्याकडे कधी गेली नव्हती. त्या सकाळी मात्र त्यांनी दोन्ही डब्यांवरच्या चिठ्ठ्या सफाईनं बदलल्या. बायकोचे जंतू बायकोसारखेच सज्जन असणार, याची त्यांना खात्री होती.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. डॉक्टरीणबाई भलत्याच खुशीत होत्या. "वाटलंच होतं मला! काका, तुमचे जंतू महाबिलंदर. अंडी बंद. काकूंचे बघा, अगदी गुणी."

करायला गेलो काय आणि झालं काय! म्हणजे गुणी ते आपलेच! काकांना हसू फुटणार, एवढ्यात आठवलं. हल्ली घराचा जिना चढताना काकू मधेच थांबतात आणि गुडघ्यांना नावं ठेवतात. म्हणजे महाबिलंदर जंतू तिचे!

"चिठ्ठ्या मी बदलल्या," ते म्हणाले. "हिचं हृदय तपासा."

"अंड्यासाठी काय वाट्टेल ते बोलाल हो!" काकू उसळल्या. डॉक्टरीणबाईही गालातल्या गालात हसल्या.

काका काकूंकडे वळले. "अगं, नाही शिवणार मी अंड्याला. जंतू गुणी असले तरी नाही. पण जिन्यात तुला धाप लागते ना, ती दिसते मला. एकदा तपासून घे."

काकूंनी मांडीवरची पर्स उचलून बाजूला ठेवली.

"घ्या बाई तपासून," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "हा माणूस अंडं सोडतोय, म्हणजे माझं काही खरं नाही."