टेकचंदची पांढरी पॅंट

टेकचंद जिल्ह्याच्या बेसबॉल संघात राखीव कॅचर होता, तेव्हापासून त्याची पांढरी पॅंट जानकीबाईच धूत आली होती. धूत म्हणजे काय, नुसती पाण्यातून काढायची. कॅचरनं मातीत गुडघे टेकून चेंडू झेलायचा असतो. हिचा पोरगा मात्र सामनाभर बाकावर. शेजारची सरिता नळावर हसायची, "मावशी, तुमच्या घरी साबण लागतच नाही का वो?"

पुढे तो मोहाडीच्या मुलींच्या संघाचा प्रशिक्षक झाला, मग त्याच संघाचा व्यवस्थापक. पॅंट पांढरीच राहिली. एकदा तरी ती मळून यावी, एवढंच जानकीबाईला वाटायचं.

परवा पोरी पहिल्यांदा अंतिम सामना जिंकल्या. संध्याकाळी टेकचंद दारात आला तो मानेपर्यंत चिखलात.

"काहून रे, पडला का?"

"पोरींनं पाणी वतून मैदानात लोळवलं, माय! म्हणे, सर, आज तुमाले कोरडं नाही सोडत."

हसतच त्यानं कपडे बदलले आणि मळकी पॅंट घेऊन तो बादलीकडे वळला. "थांब, धुऊन टाकतो."

जानकीबाईनं पॅंट त्याच्या हातातून ओढली. "हात नको लावू! सकाळी मी नळावर नेतो. सरिता आली म्हणजे."