कडीला बांधलेला काठ

मित्रांनो, लुगड्याचं अंग आधी विरतं, काठ मागे उरतो. असाच मागे उरलेला, एका जांभळ्या लुगड्याचा जुना काठ म्हणजे मी. जांभळा होतो हे आता सांगावं लागतं, इतका माझा रंग गेला आहे.

ते लुगडं मनकर्णाबाईंचं. वापरून वापरून ते मधोमध जाळीसारखं झालं, तेव्हा त्यांनी त्याची गोधडी शिवायला घेतली आणि मला कात्रीने अलगद सोडवलं. दुहेरी दुमडलं, कडेने टीप मारली. "धड हाय अजून, कामाला येईल," म्हणाल्या. मग मी कधी बाजरीचं गाठोडं बांधलं, कधी झाकण न बसणारी ट्रंक आवळून धरली. चांगलं चाललं होतं माझं.

मनकर्णाबाई मुकुंदवाडीला, रेल्वे स्टेशनच्या मागे दोन खोल्यांत राहत. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन होती. लोकांचे ब्लाऊज, परकर शिवून त्या पोट भरत. सिल्लोडकडच्या गावातून भावाने आपला मुलगा गोकुळ त्यांच्याकडे शाळेसाठी आणून ठेवला. दिवसभर पोरगं खेळात असे. दिवे लागले की मात्र त्याचा चेहरा उतरे. आतल्या खोलीत एकट्याने झोपायचं त्याच्या जिवावर येई. स्टेशनात गाडी आली की इंजिनाचा उजेड खिडकीतून शिरे आणि भिंतीवरून सरकत जाई. गोकुळला वाटे, कुणीतरी दिवा घेऊन आपल्यालाच शोधतंय.

बाहेर मशीनच्या खडखडाटात त्याला झोप येत नसे, आणि आत जाऊन त्याच्याजवळ पडावं तर मनकर्णाबाईंचं काम राही. सणासुदीला तर कपड्यांचा ढीग लागे. पण त्यांनी पोराला भित्रा म्हटलं नाही. मला ट्रंकेवरून सोडलं, माझं एक टोक गोकुळच्या मनगटाला सैल बांधलं, मला उंबऱ्यावरून बाहेर आणलं आणि दुसरं टोक आपल्या पायाच्या घोट्याला बांधलं.

"भ्या वाटलं की वढ. मी इथंच हाय."

"आन् तू झोपलीस तर?"

"मी झोपले तर मशीन कोण चालवील, तुझा बाप?"

गोकुळ रडता रडता हसला.

मशीनचं पेडल मारताना त्यांचा पाय हले, पाय हलला की मी हलायचो, आणि तिकडे पोराच्या मनगटाला हलकी ओढ लागत राही. त्याने ओढलं की त्या मशीन थांबवून उलट दोनदा ओढत. सुरुवातीला तो सारखा ओढी. कधी भीतीने, कधी नुसती गंमत म्हणून. शिलाई वाकडी जाई, त्या पुटपुटत उसवत आणि पुन्हा घालत, पण उत्तर दिल्यावाचून राहत नसत. त्याचं अंथरूण आधी उंबऱ्याला लागून होतं. थोड्या थोड्या दिवसांनी त्या ते हातभर आत सरकवत. दार सताड उघडं असे.

हळूहळू गोकुळचं ओढणं कमी झालं. मग थांबलंच. एके दिवशी सकाळी उठून तो बाहेर आला, तर माझं दुसरं टोक मशीनच्या पायाला बांधलेलं.

"आत्या, तू मला फसवलंस."

"फसवलं नाय लेका. दिवाळीपासनं तू एकदा बी वढलं नाय. मी उगाच पाय अडकवून बसू?"

दोघंही हसले. त्या हसण्यात माझा मोठा मान होता, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पुढे गोकुळ शिकला, वाळूजच्या एका कारखान्यात लागला, सोनियाशी त्याचं लग्न झालं. बीड बायपासला फ्लॅट घेतला. फ्लॅटमध्ये एक खोली खास मुलीसाठी सजवली. गुलाबी भिंती, छताला चमकणाऱ्या चांदण्या, फुलपाखरांची चादर. मुलगी श्रेया सहा वर्षांची. ती त्या खोलीत खेळे, चित्रं काढी, आणि झोपायला मात्र आईबापांच्या मध्ये जाई.

वास्तुशांतीच्या जेवणाला गोकुळच्या मित्राची बायको सुलेखा आली होती. तिने खोली निरखून पाहिली.

"खोली मस्तच केलीय भाऊजी. पण ही झोपते का इथं? का नुसती पाहुण्यांना दाखवायला?" ती हसत म्हणाली. "आमची मुलगी संस्कृती तर नर्सरीत होती तेव्हापासनं वेगळी झोपते. सवय लावली की लागते."

"आमचीबी झोपणार आता. याच आठवड्यात," गोकुळ म्हणाला.

श्रेया तिथेच गुलाबजामची वाटी घेऊन उभी होती. तिने वाटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी गोकुळ मला न्यायला मुकुंदवाडीला आला. मनकर्णाबाईंची नजर आता अधू झाली होती, मशीनवर कापड घालून ठेवलेलं होतं. त्यांनी मला शोधून काढलं, साबणाने धुतलं, वाळवलं. मला वाटलं, पुन्हा माझे दिवस आले.

"दार उघडं ठेव बरं," त्या सांगू लागल्या. "आधी पार जवळ बस. मंग जरा जरा लांब हो. तिनं वढलं की तू वढायचं, कितीबी येळा. घाई करू नको."

"व्हय आत्या, मला माहितीय. मीच झोपलो नव्हतो का?" गोकुळ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

"झोपलास तू. बसले व्हते मी."

हे त्याने ऐकलं नाही. त्याच्या आठवणीत फक्त ती एक सकाळ होती. मशीनच्या पायाला बांधलेला काठ आणि आपण निवांत झोपलेलो. त्या सकाळच्या आधीचे सगळे महिने तो विसरून गेला होता. ते महिने त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी जागून काढले होते ना.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर त्याने श्रेयाच्या हातात माझं टोक दिलं. "दुसरं टोक पप्पांच्या हातात. भीती वाटली की ओढायचं."

"मग तुम्ही पण ओढणार?"

"दोनदा."

श्रेयाने मला मुठीत घट्ट धरलं आणि स्वतःहून आडवी झाली. तिचा विश्वास बसला होता, हे मी तिच्या मुठीवरून सांगतो.

गोकुळ बाहेर खुर्ची टाकून बसला. श्रेयाने ओढलं, त्याने दोनदा ओढलं. पुन्हा ओढलं, पुन्हा उत्तर. आणखी काही वेळ तसंच गेलं. त्याची सकाळची पाळी होती, जांभया येत होत्या.

"अहो, येऊ द्या तिला आपल्याकडे. उद्या बघू," सोनिया म्हणाली.

"आज सोडलं की संपलं. सुलेखावहिनी गावभर सांगतील. आणि आत्यानं काय केलं होतं ठाऊकय? सरळ मशीनला बांधला होता काठ. पोरांना काय कळतंय."

त्याने दार ओढून घेतलं, पोरगी बाहेर येऊ नये म्हणून कडी घातली, आणि दाराखालून आलेलं माझं टोक त्या कडीला गच्च बांधलं.

श्रेयाने ओढलं. कडी खुळखुळली. तिने थोडा वेळ वाट पाहिली.

"पप्पा, दोनदा," ती आतून म्हणाली.

तिने पुन्हा ओढलं, मग जोरात, मग दोन्ही हातांनी. मी ताणलो. माझी जुनी टीप उसवायला लागली. मला धरून चाचपत ती दाराशी आली. दार उघडेना. मग तिला सगळं समजलं आणि ती ओरडायला लागली. बाहेर सोनिया उठली, तर गोकुळने तिचा हात धरून ठेवला. "थांबेल आपोआप."

आणि ती थांबली. दाराशीच फरशीवर तिला झोप लागली.

"बघ," गोकुळ म्हणाला, "झालं ना?"

दुसऱ्या दिवसापासून श्रेया वेळ झाली की आपली आपण खोलीत जाऊ लागली. काठ मागितला नाही, गोष्ट मागितली नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. गोकुळ भेटेल त्याला सांगे, एका रात्रीत भीती घालवली. सुलेखाने तिला रंगांची पेटी आणून दिली. मला श्रेयाच्या कपाटात खालच्या कप्प्यात टाकून दिलं. कौतुकाच्या त्या दिवसांत घरात सगळे खूश होते. फक्त मनकर्णाबाईंनी फोनवर विचारलं होतं, "काठ लांबवत नेला ना रं?" गोकुळ म्हणाला, "व्हय."

थंडी पडली आणि शहरात तापाची साथ आली. एका सकाळी सोनियाने श्रेयाच्या खोलीत पाऊल टाकलं. फुलपाखरांची चादर उलटीने भरलेली. पोरगी तापाने फणफणलेली, ओठ कोरडे पडलेले. आणि ती जागी होती. छताकडे पाहत होती.

"अगं, हाक का नाही मारलीस?" सोनियाने तिला उराशी धरलं. "आम्ही शेजारच्याच खोलीत होतो."

"तुम्ही येत नाही ना," श्रेया म्हणाली.

तिने तक्रार केली नाही. शाळेची बस किती वाजता येते हे सांगावं, तसं सांगितलं. गोकुळ गाडीची किल्ली घेऊन दारात उभा होता. त्याने ते ऐकलं.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मनकर्णाबाई भेटायला आल्या. सोनियाने रडत रडत त्यांना कडीची हकीकत सांगितली. त्या बराच वेळ नातीच्या पायांवरून हात फिरवत राहिल्या. मग भाच्याला म्हणाल्या, "भ्या गेलं म्हणत व्हतास. भ्या तिथंच हाय, गोकुळ. तिचा इस्वास गेला."

त्या संध्याकाळी गोकुळने मला कपाटातून काढलं. दार सताड उघडलं, खुर्ची उंबऱ्यावर ठेवली, आणि माझं टोक श्रेयाच्या पुढे धरलं.

"नको पप्पा," ती समजूतदारपणे म्हणाली. "येते मला झोप."

त्याने ते टोक तिच्या उशीजवळ ठेवलं आणि बाहेर येऊन बसला. तिच्या कुशीवर वळण्याचा आवाज आला, तसं त्याने मला दोनदा ओढलं. मी उशीवरून घसरलो, फरशीवरून सरपटत त्याच्या पायाशी जाऊन पडलो. तिकडे मला कुणी धरलंच नव्हतं.

मित्रांनो, एकट्याने झोपण्याची भीती वाटणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुम्हाला ती वाटत असेल तर घरात सांगा, पुन्हा पुन्हा सांगा. आणि तुमच्या मोठ्या माणसांना माझा निरोप द्या. लेकरांना एकटं झोपायला जरूर शिकवा, पण दार उघडं ठेवून शिकवा, आणि लेकराची भीती झोपेपर्यंत तुम्ही जागे राहा. त्याला महिने लागतात. ते महिने वाचवण्याची युक्ती कुणी सांगू लागलं, तर ऐकू नका.

गोकुळ अजून रोज उंबऱ्यावर बसतो. श्रेयाचा दिवा वेळेवर बंद होतो, तिच्या खोलीतून आवाज येत नाही. किती शहाणी आहे, असं येणारेजाणारे म्हणतात. माझ्यासमोर तरी तसं म्हणू नका.