वहिनीने बांधलेला पाळणा

मोहाच्या फुलांचा वास आला की मला वहिनी आठवते, आणि वहिनी आठवली की अजून माझं डोकं फिरतं. चैत्रात सातपुड्याच्या पायथ्याने एस.टी.तून जाताना तो वास खिडकीतून आत शिरतो, गोड, जड, किंचित आंबूस, उन्हात राहिलेल्या गुळाच्या ढेपेसारखा. शेजारची बाई नाकाला पदर लावते आणि मी मात्र तो छातीभर ओढून घेते. त्या वासातून आधी एक ओंजळ वर येते. हिरव्या काचेच्या बांगड्यांनी मनगटापर्यंत भरलेले हात, आणि त्यांत दवाने ओली, पिवळसर, मेणचट फुलं. चेहरा मागाहून येतो. तो आला की मी खिडकी लावून घेते.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. आमचं गाव धुळ्याकडचं, उघड्या काळ्या मातीचं, जिथे दुपारी सावली शोधायची तर गुरांच्या गोठ्यात जावं लागे. आणि ती आली होती सातपुड्यातल्या पाल गावची, वनरक्षकाची मुलगी, जंगलाच्या कडेच्या सरकारी खोल्यांत वाढलेली. वडील गेले, भाऊ रेल्वेत लागून भुसावळला गेला, आणि लग्नानंतर पालला परत जायला तिला काही कारणच उरलं नाही. आमच्या घरात ती आवाज न करता वावरायला शिकली. बांगड्या वाजू नयेत म्हणून त्या कोपरापर्यंत वर सारून ठेवी. पाणी ओतताना भांडं तिरपं धरी. हसू आलंच तर चुलीकडे वळे. माझ्याहून थोडी मोठी, पण नणंद म्हणून मला 'तुम्ही' म्हणायची आणि मी बिनदिक्कत तिला 'तू'. लग्नाला वर्षं होत गेली, मूल झालं नाही, आणि माझ्या आईने तिच्याशी बोलणंच हळूहळू कमी केलं. आई भांडायची नाही, हेच वाईट होतं. ताटात जे उरेल ते वाढायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्यासमोर मोठ्याने म्हणायची की यंदाचं साल पाहू, नाहीतर दुसरी करू. दादा हे ऐकून पायातली चप्पल नीट करायचा.

त्या फाल्गुनात वहिनीची पाळी लांबली. बस्स, एवढंच झालं होतं. पण मनुदेवीला पाळण्याचा नवस बोललेल्या आईला तेवढं पुरलं. नवस फेडायचा तो मूल मांडीवर आल्यावर, ही जगरहाटी. आईला मात्र धीर कुठला! तिने धुळ्याच्या बाजारातून लाल-हिरवा रंगवलेला, घुंगरं लावलेला लाकडी पाळणा आणवला, वहिनीचे हात हिरव्या बांगड्यांनी भरवले, आणि भाड्याच्या जीपमधून सगळ्यांनी देवाला निघायचं ठरवलं. उनपदेवचं गरम कुंड, मग मनुदेवी, आणि परतताना तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव. निघण्याच्या आदल्या दिवशी दादाने, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, वहिनीला विचारलं की तुला कुठे जायचंय का. ती म्हणाली, "पाल." मला वाटलं आता आई फटकारणार. पण आई हसली! डोहाळे लागले म्हणून हसली. "पोटमातलाले जंगल दखानं शे," ती आबांना, माझ्या वडिलांना, म्हणाली; पोटातल्याला जंगल पाहायचंय. म्हणजे वहिनीला जंगल मिळालं तेही स्वतःच्या इच्छेचं म्हणून मिळालं नाहीच. ते त्या न दिसणाऱ्या बाळाच्या नावावर मिळालं.

उनपदेवला आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. दगडी गोमुखातून कढत पाणी पडत होतं, वाफेला गंधकासारखा वास होता, आणि बायकांच्या बाजूला आम्ही दोघीच उरलो होतो. वहिनी बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "ताई, तुमच्याजवळ जुनं फडकं आहे का?"

मी काय समजायचं ते समजले. माझी सुती ओढणी दातांनी फाडली आणि तिच्या हातात दिली. तिचे हात थंडगार होते, त्या वाफेत उभे राहूनही.

"आता गं?" मी म्हटलं.

"घरी गेल्यावर मीच सांगीन. तुम्ही बोलू नका." मग फार हळू, जणू मला नव्हे तर त्या पाण्यालाच विनवावं तशी म्हणाली, "जंगल तेवढं पाहू द्या मला."

बाहेर आई दगडावर बसून पाळण्याची घुंगरं पदराने पुसत होती. वहिनीने आत्ता तोंड उघडलं असतं तर जीप तिथूनच मागे फिरली असती. देव राहिला असता, पाल राहिलं असतं, आणि 'दुसरी'चा विषय वाटेतच निघाला असता. तिने ओले केस झटकले, बांगड्या मनगटावर खाली सोडल्या आणि बाहेर आली. तिच्या बांगड्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला असेन.

दुसऱ्या दिवशी मनुदेवी. चैत्रातला ओढा कोरडा, धबधब्याच्या जागी नुसता काळवंडलेला कडा, मोठमोठ्या गोट्यांतून जाणारी वाट, आणि त्या वाटेवर माझी आई, जिने पाच वर्षांत सुनेला कधी हाताला धरलं नव्हतं, ती मागून म्हणत होती, "दखीसन चाल, माय, दखीसन." देवळात जाताना वहिनीचं पाऊल उंबऱ्यावर क्षणभर थांबलं. मी श्वास धरला. ती आत गेली. तिने देवीकडे मान वर करून पाहिलं, सरळ, डोळ्याला डोळा देऊन, जसं ती आमच्या घरात कोणाकडेही कधी पाहत नसे. मी आजवर कोणाला असं दर्शन घेताना पाहिलेलं नाही. मग देवळाबाहेरच्या झाडाला पाळणा बांधायची वेळ आली, आणि आईने दोरी तिच्याच हातात दिली, कारण असला मान आईपणाचा असतो. तिने फांदी वाकवली, दोरीचे फेरे घेतले, आणि ओठ घट्ट मिटून गाठ मारली. एकावर एक, ओढून ओढून. रिकामा पाळणा हलला, घुंगरं वाजली. आईच्या डोळ्यांना धार लागली होती.

आता जे सांगायचं ते सांगताना मला अजून राग येतो. त्या प्रवासात माझं घर वहिनीशी फार चांगलं वागलं. जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा आबांची, आबा गुपचूप मागे ताडपत्रीखाली धूळ खात बसले आणि आई म्हणाली, "तू पुढे बठ, माय." यावलजवळ केळीच्या बागा सुरू झाल्या, तो हिरवा गारवा जीपमध्ये आला, तशी दादाने जीप थांबवून फणी घेतली आणि एकेक केळं सोलून तिच्या हातात दिलं, सोलून, हो, माझ्या दादाने! जेवताना भाकरीचा पहिला तुकडा तिला, बट्टीवरचं तूप तिला, उशी तिला, सावली तिला. आणि त्या मायेच्या उन्हात ती अशी काही उमलत गेली की मी बघतच राहिले. तिला एका गालावर खळी पडते, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. ती गुणगुणायची. दादाची टिंगल करायची, आणि तोही लाजायचा. हे सगळं आमच्या घरात होतं तर! एवढी माया, एवढे मऊ शब्द माझ्या आईकडे होते, कुठल्याशा डब्यात झाकून ठेवलेले, आणि ती ते त्या मुलीला इतकी वर्षं देत नव्हती. मुळात नसतं म्हणून दिलं नसतं, तर मी माफ केलं असतं.

पालला पोचलो तो संध्याकाळ उतरत होती. चौकीवरच्या म्हाताऱ्या चौकीदाराने तिला ओळखलं, नावाने हाक मारली, आणि पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायची परवानगी दिली. दादाने तिला हाताला धरून शिडीवर चढवलं. वर आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो; खाली साग पानं गाळून उभा, मधूनच पळसाचा शेवटचा लालिमा, आणि मावळतीचा प्रकाश पाण्यावर असा तिरपा पडलेला की डबकंसुद्धा शोभून दिसावं. आईला गप्प बसवेना. ती आबांच्या कानात बारशाचं नाव ठरवत होती. तेवढ्यात वहिनीने मान न वळवता एक बोट ओठांवर ठेवलं.

आणि आई गप्प झाली. ज्या घरात वहिनीचा आवाज कोणी ऐकला नव्हता, ते घर तिच्या एका बोटावर श्वास रोखून बसलं. सांबराची मादी आली, कान हलवत, पाय उचलून तसाच हवेत धरत. पाण्यात तोंड घातलं, वर पाहिलं, पुन्हा प्यायली. वहिनी तिच्याकडे पाहत होती आणि मी वहिनीकडे. तिच्या कपाळावरची शीर शांत झाली होती, खांदे खाली आले होते. वेदना होत असणार, पोटाशी एक हात घट्ट धरलेला होता, आणि आई तो हात पाहून समाधानाने मान डोलवत होती. सांबर गेलं तरी वहिनीने बोट खाली घेतलं नाही, आणि आम्हीही कोणी बोललो नाही.

पहाटे ती मला उठवून मोहाच्या झाडाखाली घेऊन गेली. फुलं पडत होती, टप, टप, एवढाच आवाज साऱ्या रानात. तिने ओंजळ भरली. तोंडात फूल टाकलं, मलाही भरवलं, आणि लहानपणी अस्वलं येण्याआधी उठून फुलं वेचायची शर्यत कशी लागे ते सांगत राहिली. परत आल्यावर उरलेली ओंजळ तिने आईपुढे धरली. आईने तिच्या हातून खाल्ली.

चांगदेवला संगमावर पोचलो तेव्हा नद्यांत पाणी थोडं होतं आणि ऊन फार. काळ्या दगडांच्या त्या पुरातन देवळाच्या सावलीत सगळे टेकले. आई म्हणाली, पुढच्या चैत्रात नातू घेऊन येऊ. वहिनी पायरीवर बसली होती. बसल्या बसल्या तिने एका हाताने दुसऱ्या हाताच्या बांगड्या वर सारल्या, कोपरापर्यंत. मग दुसऱ्या हाताच्या. भुसावळ गेलं, जळगाव गेलं, मेहरूणचं तळं उन्हात चमकून मागे पडलं, आणि जीपमध्ये तो किणकिणाट पुन्हा ऐकू आला नाही.

घराच्या दारात आई भाकरतुकडा ओवाळायला घेऊन आली. वहिनी उंबऱ्याबाहेर थांबली आणि म्हणाली, "आई, मी बाहेरची आहे."

आईचा हात तसाच राहिला. मग तिने विचारलं की केव्हापासून. खोटं बोलायला हरकत नव्हती. आत्ता, वाटेत, म्हटलं असतं तर नुसती निराशाच झाली असती. पण वहिनीने देवीकडे पाहिलं होतं तसंच आईकडे पाहिलं. "उनपदेवपासून."

भाकरतुकडा खाली पडला. विटाळात देवीला शिवली, विटाळात पाळणा बांधला, घराला खाईत घातलं, असं काय काय आई बोलत सुटली, आणि मग माझ्याकडे वळली. "तुले ठाऊक व्हतं?" मी म्हटलं, हो. माझ्या कानाखाली बसली. ती चपराक मला आजही जपून ठेवावीशी वाटते, कारण त्या घरात वहिनीच्या बाजूने पडलेली ती एकच गोष्ट होती. दादा चप्पल नीट करत होता. ज्या हाताने त्याने तिला मचाणावर चढवलं, त्याच हाताने आठवड्याच्या आत तिची पेटी भुसावळच्या एस.टी.वर चढवली. ती खिडकीशी बसली होती. माझ्याकडे पाहून तिने बोट ओठांवर ठेवलं, खळी पडेल इतपत हसली, आणि गाडी गेली. पुढे तिच्या भावाची कुठे बदली झाली म्हणे. त्यानंतर काही कळलं नाही.

आईने दादाला मनुदेवीला पाठवलं, पाळणा सोडून आण म्हणून. तो हात हलवत परत आला. गाठ सुटत नाही म्हणाला, आणि देवीच्या झाडावर कोयता चालवायची छाती कोणाची? पाळणा राहिला. मग दुसरी वहिनी आली. चांगली आहे, बिचारीचा काय दोष. तिला मुलगा झाला, आणि त्याला घेऊन आम्ही सगळे पुन्हा देवीला गेलो. आईने झाडाकडे बोट दाखवलं, नातवाला म्हणाली, "दख, हाऊच आपला पाळना. देवीनी आयकं आपलं." आबांनी मान डोलवली. दादाने हात जोडले. कोणाचाही आवाज कापला नाही. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि खरंच, ते विसरले होते.

भाच्याला कडेवर घेऊन मी त्या पाळण्याखाली उभी राहिले. रंग उडालेला, घुंगरं गळालेली, आणि फांदी जाडावत गेल्याने दोरीची गाठ सालीत रुतून बसलेली. पायथ्याकडून मोहाचा वास येत होता. आमच्या घरात आता तिचं नाव निघत नाही, तिचा फोटो नाही, तिच्या हाताची एक चिंधी नाही. उरली ती एवढी एक गाठ, आणि दर चैत्रात माझं सगळं घर तिच्याच खाली येऊन डोकं टेकतं, हे काळाने कोणाला न सांगता करून ठेवलं आहे.