मी, भात बुडवणारी टाकी

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. काचेची, माशांसाठी बनवलेली. माझ्यात मासे एकूण अकरा दिवस होते. बाकीचं आयुष्य इतर कामांत गेलं.

माझा जन्म २०१३ साली पुण्यात, अमीनचाचांच्या काचेच्या दुकानात झाला. पाच काचा, सिलिकॉनची एक नळी आणि एक शिवी एवढ्या साहित्यात त्यांनी मला उभी केली. शिवी अंगठा कापल्याबद्दल होती, माझ्याबद्दल नव्हती. सदाशिव पेठेतल्या एका दाताच्या डॉक्टरांना मी हवी होते. मासे बघून पेशंटची भीती जाते असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. बाराव्या दिवशी सगळे मासे पोट वर करून तरंगले, आणि दाढ काढायला आलेले दोन पेशंट ते बघून उठून घरी गेले. त्यानंतर माझ्यात छत्र्या ठेवू लागले. सहा वर्षं ठेवल्या. त्यातली एकही मेली नाही, एवढं माझ्या बाजूने सांगता येईल.

पुढे दवाखाना बंद झाला आणि मी हवेच्या पंपासकट चाचांकडे परत आले. दुकानात त्यांची पुतणी परवीन आली होती. ती कर्वेनगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला.

"चाचा, ही मी नेऊ का? मला भात बुडवायचाय."

"लोक शिजवतात."

"मला बुडवायचाय. चौदा दिवस."

चाचांनी पुढे काही विचारलं नाही. शिकलेल्या मुलीला दुसरा प्रश्न विचारू नये, असं त्यांचं धोरण होतं.

अशा रीतीने मी विज्ञानात आले. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, खिडकीशी मला जागा मिळाली. परवीनने माझ्या तळाशी वीस छोट्या कुंड्या ठेवल्या. दहांत साध्या भाताची रोपं, दहांत पूर सोसणाऱ्या जातीची. मग काठोकाठ पाणी भरलं. रोपं पूर्ण बुडाली. पूर सोसणाऱ्या जातीचं बी एका संशोधन केंद्रातून पाकिटातून आलं होतं, मोजके दाणे. त्यातली आणखी दहा रोपं खिडकीत राखीव होती. ती संपली की प्रयोग संपला.

घाईचं कारण श्यामलामॅडम. त्या परवीनच्या मार्गदर्शक, आणि महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. त्यांच्यानंतर विभागात भाताबद्दल काही कळणारा माणूस म्हणजे फक्त कँटीनवाला. त्याआधी प्रबंधावर त्यांची सही झाली नाही, तर परवीनचं वर्ष जाणार होतं.

आता अपेक्षा काय होती ते सांगते. साधी रोपं पाण्याखाली भराभर उंच होतील आणि दुसरी जागच्या जागी बसतील. नवव्या दिवशी परवीनने पट्टी लावली. दोन्हींची उंची जवळपास सारखी. तिने पट्टी उलटी करून पुन्हा मोजलं. पट्टीचाही दोष नव्हता.

श्यामलामॅडमनी चष्मा वर करून माझ्यात पाहिलं. "छान. निसर्गाने तुला समानता दाखवलीय. परीक्षकांना ती नकोय."

"मॅडम, बियांची अदलाबदल झाली असेल?"

"किंवा तुझं काहीतरी चुकलंय. तेवीस दिवस आहेत माझे. शोध."

मित्रांनो, काय चुकलं होतं ते मला ठाऊक होतं. पण टाकीला तोंड असतं ते फक्त पाणी ओतण्यापुरतं.

मॅडम गेल्यावर परवीन स्टुलावर बसून रडली, आवाज न करता. तेवढ्यात दिगंबरकाका चहा घेऊन आले. काका प्रयोगशाळेतले परिचर. लोणी काळभोरहून रोज बसने यायचे, कुलूप उघडायचे, संध्याकाळी लावायचे.

"काय झालं, ताई?"

"काका, रोपांना ती बुडालीत हे कळतच नाहीये."

"रोपाला कळतं व्हय?"

"कळतं ना. रोपातून एक वायू सारखा निघत असतो, इथिलिन. केळी पिकवतो ना, तोच. एरवी तो हवेत उडून जातो. पण रोप बुडालं की पाण्यातून त्याला लवकर बाहेर पडता येत नाही. आतच साठतो. तो साठला की रोप समजतं, आपण बुडालोय. मग साध्या भातात जिबरेलिन नावाचं दुसरं संप्रेरक जोर करतं. रोप हवा गाठायला उंच पळत सुटतं."

"मंग चांगलंच हाय की."

"पूर उथळ असेल तर चांगलं. खोल असला, पंधरवडा राहिला, तर पळता पळता सगळी साखर संपते आणि रोप मरतं. आणि हे दुसरं भात आहे ना, त्यालाही तोच निरोप मिळतो. पण त्याच्यात एक जनुक आहे, ते निरोप आला की जिबरेलिनला आवरतं. रोप वाढत नाही. शिल्लक साखर धरून पाणी उतरायची वाट बघतं."

काकांनी चहाचा कप टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"आन पाण्यात हवा सोडली तर?"

"तर वायू बुडबुड्यांबरोबर निघून जाईल. निरोपच पोचणार नाही."

"ताई, रागवू नका," काका म्हणाले. "रोपं गुदमारत्यात असं वाटलं वो मला. सांजच्याला कुलूप लावताना पंप चालू करायचो. तुमी दुपारी यायच्या आधी बंद."

"रोज?"

"रविवारी बंद कराया कुनी नसतं. रविवारी दिवसभर."

परवीनने माझ्या मागे ठेवलेल्या पंपाकडे पाहिलं. मग रडतारडताच तिला हसू फुटलं आणि ते थांबेना. श्यामलामॅडमना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "दिगंबर, तुम्ही पुरात अडकलेल्या भाताला ऑक्सिजन लावलात. आता मलाही लावा."

त्याच दुपारी राखीव दहा रोपं आणि दहा साधी रोपं माझ्यात उतरली. चौदा दिवस पाण्यात, सात दिवस बाहेर. हिशेबात दोन दिवस उरत होते. पंप काका स्वतः पिशवीत घालून लोणीला घेऊन गेले. इथे राहिला तर हात जाईल म्हणाले.

या वेळी साधा भात सुटला. पाचव्या दिवशी पानं लांब, फिकट आणि बारीक झाली होती. दुसरा भात काहीही करत नव्हता. मी पुष्कळ मासे मेलेले पाहिले आहेत, पण इतकं काही न करणं मी पाहिलं नव्हतं. काका रोज हात मागे बांधून माझ्यासमोर उभे राहायचे.

"ताई, ही धा मेली का?"

"नाही काका. वाचवतायत."

"काय?"

"स्वतःला."

चौदाव्या दिवशी नळी लावून पाणी काढलं. साधी रोपं भिजलेल्या शेवयांसारखी कुंड्यांवर आडवी पडली. दुसरी उभी होती, पण पिवळी. परवीनने वहीत "जिवंत?" असं लिहिलं. चार दिवस ते प्रश्नचिन्ह तसंच राहिलं. पाचव्या दिवशी एका कुंडीत मधोमध हिरवं टोक आलं. सातव्या दिवशी मॅडम स्वतः मोजायला आल्या. साध्यांपैकी एक जिवंत होतं. दुसऱ्यांपैकी आठ.

"आठच?" काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला.

"आठ लिही," मॅडम परवीनला म्हणाल्या. "दहा लिहिलंस तर मीच सही करणार नाही."

प्रबंधाच्या पहिल्या पानावरची सही त्यांनी माझ्या काठावर कागद टेकवून केली. काच थोडी ओली होती, त्यामुळे शेवटचं अक्षर फुटलं. ती त्या कॉलेजातली त्यांची शेवटची सही.

तर मित्रांनो, माझी विनंती छोटी आहे. काळजी जरूर घ्या. माणूस बुडत असेल तर विचारत बसू नका, ताबडतोब बाहेर काढा. भात असेल तर आधी विचारा, की बाबा, तुला हवा हवी आहे, की आपण बुडालोय एवढं नीट कळायला हवं आहे.