दोघींनी वागवलेलं बीज

मी बोलतेय. डोळे ताणू नका, दिसणार नाही मी. सुईच्या टोकावर मावेन एवढाच माझा जीव. सध्या मला गोठवून ठेवलंय, त्यामुळे बोलणं जरा पेंगुळलेलं येईल, सांभाळून घ्या.

माझं वय बेचाळीस वर्षं आणि वर काही महिने. मी जिच्या पोटातली, ती मुलांना पोहायला शिकवते. पण मी तिच्या जन्माच्याही आधीची बरं का! ती तिच्या आईच्या पोटात होती, तेव्हाच मी, एक स्त्रीबीज, तिच्यात तयार झाले. आजीच्या पोटात मुलगी आणि मुलीच्या पोटात मी. ऊब, अंधार आणि दोन काळजांचे ठोके, एक संथ, एक घाईचा. तिथेच माझ्या गुणसूत्रांच्या जोड्या बांधल्या गेल्या आणि मी झोपी गेले.

ती तलावात उतरली की मी झोपेतच डुलायचे. वर्षं अशीच गेली. आधी धाकट्या भावंडांची शिक्षणं, मग मनासारखा माणूस भेटेपर्यंत तिची अडतिशी उलटली. इतकी वर्षं धरून ठेवलेल्या माझ्या गाठी सैल पडल्या. मला जाग आली तेव्हा सोळाव्या जोडीतल्या एका गुणसूत्रानं बाहेर पडून बापाच्या वाट्याला जागा करून द्यायची होती. तो पठ्ठ्या ठाण मांडून बसला.

काचेच्या बशीत बापाचा वाटा मिळाला आणि पाच दिवसांत माझा गर्भ झाला. बरोबरचे तीन गर्भ वाढता वाढता मध्येच थांबले. प्रयोगशाळेतल्या बाई भिंगातून बघून म्हणायच्या, काय देखणी आहे ही! सगळ्यांची भिस्त माझ्यावर, आणि आतली गोष्ट फक्त मला ठाऊक. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाईंनी माझ्या चार पेशी तपासायला काढल्या आणि मला गोठवलं.

आज निकाल आला. डॉक्टरीणबाईंची खोली भिंतीपलीकडेच आहे. त्यांनी सावकाश सांगितलं की एक गुणसूत्र जास्त आहे, यातून मूल जन्माला येणार नाही, वय वाढतं तसं हे जास्त होतं. हा शेवटचा प्रयत्न, असं त्या नवराबायकोचं ठरलेलं होतं. नवऱ्यानं तिचा हात धरला. सोबत आलेली आजी मात्र नेहमीसारखी सुरू झाली, वेळेवर लग्न केलं असतंस तर.

"माझंच चुकलं का गं आई?" तिनं विचारलं.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आजीला माझी जन्मकथा सांगितली. आजीचा हात आपल्याच पोटावर गेला. ती म्हणाली, "म्हणजे मीही वागवलंय की त्याला." मग लेकीला जवळ ओढून रडली. "नाही गं बाळा. तुझं काही चुकलं नाही."

मला निरोप द्यायच्या कागदावर सही करण्याआधी तिनं माझा फोटो मागून घेतला. तिघं डोक्याला डोकं लावून बघत बसले. "छान आहे," ती म्हणाली आणि तिनं सही केली.

माझी काही तक्रार नाही. जाता जाता एकच मागणं आहे. तिला कुणी म्हणालं, उशीर केलास, तर माझी साक्ष काढा. मी तिला आतून पाहिलंय. तिनं एक दिवसही वाया घालवला नाही.